लांबीखालची फियाट

डेंटर मिस्त्रींनी गाडीकडे धड पाहिलंसुद्धा नाही. मालक उत्साहानं बॉनेटवरचा मोनोग्राम दाखवत होते, हँडल गिअर दाखवत होते, मागच्या मडगार्डांचे ते निमुळते पंख दाखवत होते. मिस्त्री मात्र बोटाच्या पेरांनी पत्र्यावर टकटक करत गाडीला प्रदक्षिणा घालत होते. ठण, ठण, ठण आणि मध्येच थप्. थप् झालं तिथं खडूनं वर्तुळ काढायचं आणि पुढं सरकायचं. प्रदक्षिणा पुरी झाल्यावर त्यांनी खिशातून लोहचुंबकाचा तुकडा काढला, डाव्या बाजूच्या मागच्या मडगार्डाला टेकवला आणि हात काढून घेतला. चुंबक घरंगळत खाली पडला.

"काका, इथं पत्रा नाहीच. नुसती लांबी आहे."

लांबी म्हणजे पत्र्यावरचे खड्डे बुजवायचं पुटीन. काका म्हणजे गाडीचे मालक, बँकेतून निवृत्त झालेले. गाडी त्यांच्या वडिलांची, १९६६ सालची फियाट ११०० डी. वडील पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. त्यांच्या पश्चात गाडी वाड्याच्या मागच्या बाजूला ताडपत्रीखाली उभी राहिली, वाडा पाडून इमारत झाली तेव्हा पार्किंगच्या कोपऱ्यात गेली आणि अखेर टोचन लावून नाना पेठेतल्या या बोळात आली. घरच्यांची अपेक्षा साधी होती. थोडं ठोकायचं, रंग मारायचा, सीट शिवायची. महिन्या-दोन महिन्यांचं काम. मिस्त्रींच्या खडूनं पहिल्याच दिवशी तो हिशेब खोडून टाकला.

जुनी गाडी उभी करणं म्हणजे रंग आणि क्रोम, अशी आपली समजूत व्हिंटेज रॅलीतल्या चकचकीत गाड्या बघून झालेली असते. दसऱ्याला कोल्हापुरात छत्रपतींची मेबॅक बाहेर पडते तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माना वळतात, त्या झळाळीकडे. पण मध्यमवर्गीय घरातली गाडी ही राजेरजवाड्यांची गाडी नसते. तिच्यामागं गॅरेज नसतं, चालक नसतो, सुट्या भागांचं कोठार नसतं. तिला प्रत्येक अपघातानंतर जमेल तितक्या पैशात, जमेल तिथं उभी केलेली असते. तिचं खरं काम रंग चढायच्या आधीच होऊन जातं, आणि ते नंतर कुणाच्याही नजरेला पडत नाही. गाडीत पत्रा किती वाचला आणि लांबी किती भरली, हा एकच प्रश्न मला यात महत्त्वाचा वाटतो.

ही गाडी मुळात इटलीतल्या तुरिनची. पण आपल्यापुरतं तिचं माहेर कुर्ला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, सुरुवातीला क्रायस्लरच्या गाड्या जुळवल्या आणि पन्नाशीच्या दशकात फियाटशी करार करून छोट्या गाड्या बाजारात आणल्या. पहिल्या ११०० चा गोलमटोल आकार पाहून मुंबईकरांनी तिचं नाव 'डुक्कर फियाट' ठेवलं आणि ते आजतागायत टिकलंय. १९६४ पासून ११०० डी आली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, सुमारे चाळीस अश्वशक्ती, पुढं सलग बाकासारखी सीट आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. सत्तरीच्या दशकात फियाटचं नाव गेलं, गाडी आधी 'प्रेसिडेंट' आणि मग 'पद्मिनी' झाली. तुरिनमध्ये ११०० ची मालिका १९६९ मध्येच संपली होती. कुर्ल्यात तिची सख्खी बहीण त्यानंतर आणखी तीस वर्षं निघत राहिली. उद्योगाच्या दृष्टीनं ही लाजिरवाणी गोष्ट, पण आज जुनी फियाट दुरुस्त करणाऱ्याच्या ती पथ्यावर पडली आहे. त्याचं कारण पुढं येईलच.

त्या काळी गाडी 'घेतली' असं कुणी म्हणत नसे, 'लागली' म्हणत. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. पंतप्रधान लालबहादुर शास्त्रींची १९६४ च्या मॉडेलची फियाट बारा हजारांची होती, आणि त्यासाठी त्यांनी पंजाब नॅशनल बँकेचं पाच हजारांचं कर्ज काढलं होतं. ते फिटायच्या आत शास्त्रीजी गेले आणि ललितादेवींनी पेन्शनमधून पुढचे हप्ते भरले. पंतप्रधानांची ही कथा, तर इंजिनिअरसाहेबांच्या घरी गाडीला दर दसऱ्याला चाकाखाली लिंबू आणि वर झेंडूची माळ का असायची, हे वेगळं सांगायला नको.

आता पुन्हा मडगार्ड. रंग काढायचं औषध लावून मिस्त्रींच्या हाताखालच्या पोरानं पत्रीनं खरवडायला घेतलं तेव्हा वरचा मरून रंग सुटला, खाली क्रीम निघाला, त्याखाली राखाडी. मग करड्या रंगाची लांबी, दीड बोट जाड. तीन मिलिमीटरच्या वर लांबी भरू नये असा धंद्याचा दंडक आहे. त्याहून जाड थर गाडीच्या हादऱ्यांनी आणि उन्हातान्हानं तडकतो, फटीतून पाणी आत जातं आणि पत्रा आतून कुजतो. वरून मात्र पुढची दोन वर्षं सगळं गुळगुळीत. लांबीखाली पितळेनं जोडलेलं पत्र्याचं ठिगळ होतं, आणि ठिगळाखाली मूळचा पत्रा, चुरगळलेला, तसाच. म्हणजे एका मिस्त्रीनं खड्डा बाहेर काढण्याऐवजी वर ठिगळ मारलं, दुसऱ्यानं ठिगळावर लांबी थापली आणि तिसऱ्यानं त्यावर मरून रंग मारून दिला.

घरात या मडगार्डाची एक कथा चालत आलेली होती. कात्रजच्या घाटात उलट्या बाजूनं ट्रक आला, वडिलांनी प्रसंगावधान राखून गाडी डोंगराकडे घेतली, नाहीतर दरीच. कथा काकांनी मला दोनदा ऐकवली होती. ठिगळ उचकटल्यावर मूळ पत्र्याच्या घडीत चुना आणि विटेचा लाल चुरा दाबून बसलेला निघाला. मिस्त्रींनी तो नखानं काढून कागदावर ठेवला आणि काही बोलले नाहीत. संध्याकाळी काकांच्या आईंना, म्हणजे नव्वदी ओलांडलेल्या आजींना, फोन लावला गेला.

"ट्रकबिक काही नाही," आजी म्हणाल्या. "वाड्याच्या फाटकाच्या खांबाला हे स्वतःच ठोकून आले होते. मला सांगितलं, घरात बोलू नकोस."

डेंट काढण्याचं शास्त्र ऐकायला सोपं आहे. पत्रा ज्या क्रमानं वाकला त्याच्या उलट क्रमानं तो सोडवायचा. मार बसला तिथं आधी खड्डा पडतो, मग त्याच्या भोवती पत्रा फुगून कडा उभ्या राहतात. नवशिका थेट खड्ड्याच्या बुडावर हातोडा घालतो. त्यानं खड्डा वर येतो, पण कडा तशाच राहतात आणि पत्रा मधल्या मध्ये ताणला जातो. जाणता माणूस आधी शेवटी उठलेली कड गाठतो. ती उतरली की अर्धा खड्डा आपणहून वर येतो, कारण पत्र्याला आपला मूळ आकार बराचसा ठाऊक असतो. त्याला अडवून धरलंय ते तेवढं सोडवायचं. जिथं घडी पडून पत्रा कडक झालाय तिथंच काय ती खरी ठोकाठोक.

हे मी पुढच्या डाव्या दारावर पाहिलं. दार बिजागऱ्यांतून काढून दोन लाकडी घोड्यांवर गोणपाट टाकून ठेवलं होतं. आतली कातडी, काच, काचेची यंत्रणा सगळी निघालेली. मिस्त्रींच्या डाव्या हातात डॉली, तळहातात मावेल असा गोलसर पोलादी ठोकळा. तो दाराच्या पोटातून पत्र्याला लावलेला. उजव्या हातात सपाट तोंडाची हलकी हातोडी. हातोडी मनगटातून पडत होती, खांद्यातून नव्हे. डॉली बरोबर खाली असली की आवाज 'ठिण्ण' असा खणखणीत येतो, बाजूला असली की बसका. दोन्ही त्यांना हवे असतात. ठिण्णनं पत्रा सपाट होतो, पण थोडा पसरतोही. डॉली खड्ड्याखाली आणि हातोडी शेजारच्या कडेवर पडली की कड खाली जाते, डॉली उसळून खड्डा वर ढकलते आणि पत्रा पसरत नाही. एका हाताला दुसऱ्या हाताचं ठिकाण दिसत नाही. सगळं काम कानावर.

तरीही दाराच्या मधोमध एक जागा राहिली. दाबली की आत, सोडली की बाहेर, तेलाच्या रिकाम्या डब्यासारखी टपकन वाजायची. हा ताणलेला पत्रा. मार खाऊन त्याचं क्षेत्रफळ वाढलेलं असतं आणि ते सामावायला जागा नसते, म्हणून तो कधी इकडे कधी तिकडे फुगतो. त्याला कितीही ठोका, तो आणखीच पसरणार. मिस्त्रींनी गॅसची ज्योत बारीक केली, फुगवट्याच्या माथ्यावर रुपयाएवढा ठिपका लालबुंद केला, झटकन डॉली लावून त्याच्या कडेकडेनं हातोडीच्या चार टिचक्या दिल्या आणि पोराच्या हातातलं ओलं फडकं त्यावर दाबलं. चर्र आवाज, वाफ, आणि दाराला चुलीवरून काढल्यासारखा वास. तापलेला भाग फुगू पाहतो, भोवतीचा थंड पत्रा त्याला फुगू देत नाही, म्हणून तो जागच्या जागी जाड होतो. थंड होताना आकसतो तेव्हा आजूबाजूचा ढिला पत्रा आपल्याकडे ओढून घेतो. असे काही ठिपके दिल्यावर टपटप थांबली. एखादा ठिपका जास्त झाला तर पत्रा उलट्या बाजूनं ओढला जातो आणि अख्खं दार पिळवटतं. "इथं हात थांबवायला शिकायलाच पोरांना वर्षं लागतात," मिस्त्री म्हणाले. पोरगा एकच होता, तोही भाच्याच्या नात्यातला.

पारख डोळ्यांनी होत नाही. तळहाताखाली पातळ सुती फडकं घेऊन ते पत्र्यावरून लांब, तिरका हात फिरवतात. घामट कातडी पत्र्याला अडकते. फडक्यामुळं हात सरकतो आणि केसाएवढा चढउतारही लागतो. नंतर प्रायमरवर काळ्या रंगाचा फवारा उडवून लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेल्या पॉलिश पेपरनं घासतात. काळं राहिलं तिथं खोलगट, लगेच उडालं तिथं उंचवटा. लांबी येते ती या टप्प्यावर, पुसट हातानं, आणि तेवढीच यावी. लांबीचा मला राग नाही. पाहुण्यांपुढं साडीला पदर लागतो तसा पत्र्याला तिचा शेवटचा हात लागतोच. फसवणूक होते ती लांबीनं पत्र्याची जागा घेतली की.

गंज ही डेंटहून वाईट गोष्ट आहे, कारण डेंटमध्ये पत्रा जागेवर तरी असतो. ११०० ला वेगळी चासी नाही. तिचा सांगाडा आणि अंग एकच. दाराखालून जाणारी पेटीसारखी सिल ही नुसती शोभेची पट्टी नव्हे, गाडीचा कणा आहे. दाराच्या बुडाशी पाणी निचरायला भोकं ठेवलेली असतात, ती माती-पानांनी बुजतात. पाणी आत साचतं. पायाखालच्या रबरी मॅटखाली ओल धरते. वरून चिमटीनंही सापडणार नाही असा गंज आतून सिल खाऊन टाकतो. या गाडीची उजवी सिल स्क्रूड्रायव्हरनं दाबली तर भोक पडत होतं. ती कापायच्या आधी मिस्त्रींनी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी पाइप टाके मारून बसवले. हे न करता सिल कापली तर मधोमध गाडी सूतभर बसते आणि नवी सिल त्याच बसलेल्या मापात जोडली जाते. मग दारं आयुष्यभर दणका देऊनच लावावी लागतात. शेजारच्या एका गॅरेजमध्ये असं झालेली गाडी त्यांनी मला बोटानं दाखवली. बोट कुणाचं नाव घेत नव्हतं.

बारीक सारीक गोष्टी सोडून देतो. इंजिन बाहेर काढून बोअरिंगला गेलं, ब्रेकचे सिलिंडर बदलले, वायरिंग नवं झालं. इंजिनचं काम वेळखाऊ असलं तरी ठरलेलं असतं. माप असतं, मापाबरहुकूम सामान मिळतं. पत्र्याला कॅटलॉग नाही.

सामान मिळतं कुठून, याचं उत्तर त्या तीस वर्षांच्या लांबलेल्या उत्पादनात आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणजे या गाडीचं चालतंफिरतं गोदाम होतं. पद्मिनी टॅक्सी भंगारात निघत राहिल्या तशा त्यांची दारं, काचा, स्टिअरिंग, बिजागऱ्या कुर्ल्याच्या भंगार बाजारातून, पुण्याच्या जुन्या बाजारातून राज्यभर गेल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांनी त्यावर हळवे लेख छापले. नाना पेठेत त्याचा अर्थ सरळ होता: आवक बंद, भाव वर. त्यातही पद्मिनीचं सगळंच ११०० डी ला चालत नाही. पुढची जाळी वेगळी, दिवे वेगळे, पट्ट्या वेगळ्या. काकांना मूळची जाळी रविवारच्या जुन्या बाजारात मिळाली, एका पायपुसण्यावर, कुकरच्या शिट्ट्या आणि घड्याळांच्या मधोमध. विकणाऱ्याला ती कशाची आहे हे माहीत नव्हतं. काकांनी चेहऱ्यावर काही न दाखवता घासाघीस केली, याचा त्यांना बँकेतल्या बढतीहून जास्त अभिमान आहे.

रंगावरून घरात भांडण झालं. काकांचं सगळं बालपण क्रीम गाडीत गेलं. मुलाला मरून हवा होता, फोटोत चांगला येतो म्हणून. डॅशबोर्डच्या मागं आणि मागच्या सीटखाली, जिथं पुढच्या रंगाऱ्यांचा हात पोचला नाही, तिथं कारखान्यातला राखाडी शाबूत होता. मिस्त्रींनी तोच धरला. पुढचा वाद चकाकीचा. त्या काळचे रंग आजच्या मानानं मवाळ चमकायचे. आजचा दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग काचेसारखा लखलखतो, टिकतोही. तो मारावा, पण त्यातल्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतं. त्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो, आणि आपल्या बहुतेक गॅरेजांत रंगारी तोंडाला रुमाल बांधून तो मारतात. गाडीवर लाखो रुपये घालणाऱ्या मालकानं मास्क आहे का, एवढं विचारायला हरकत नसावी.

माझं स्वतःचं मत असं की बहुतेक हौशी लोक गाडी गरजेपेक्षा जास्त नवी करतात. कुर्ल्यातून निघताना या गाड्यांच्या दारांच्या फटी सगळीकडे सारख्या नव्हत्या, वेल्डिंगचे टाके जागोजागी दिसायचे. आरशासारखी पॅनेलं, दोऱ्यात धरल्यासारख्या फटी आणि क्रोमवर क्रोम असलेली फियाट कधी अस्तित्वातच नव्हती. स्पर्धेतले परीक्षक हल्ली या अतिरेकाला गुण कापतात, हे बरं आहे. बॉनेटच्या आतल्या बाजूला मूळच्या कारागिराच्या हातोडीचे पुसट ठसे होते. मिस्त्रींनी ते ठेवले. "हे आमच्याच जातीच्या माणसानं मारलेत," म्हणाले. जात म्हणजे धंदा.

कागदपत्रांची गंमत वेगळीच. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू लागली. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क आहे आणि ती दहा वर्षं चालते. ऐकून काका हुरळले होते. पण अटी वाचल्यावर थंडावले. चासी, अंगाचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, ही एक अट. आणि व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, ही दुसरी. रॅली, प्रदर्शन, संशोधन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच तिनं रस्त्यावर यायचं. संग्रहातल्या रोल्स-रॉइससाठी हे ठीक. रविवारी आजींना घेऊन सारसबागेला जायचं असेल, वाईहून पाचगणीचा घाट चढायचा असेल, तर साधी खासगी नोंदणीच बरी. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यायची आणि पर्यावरण कर भरायचा. कुटुंबाच्या गाडीवर मानाची पाटी लावली की ती कुटुंबाची राहत नाही, असा हा उफराटा नियम आहे. काकांनी साध्या नोंदणीचाच अर्ज भरला.

मिस्त्रींकडे या घडीला जुन्या चार गाड्या रांगेत आहेत, पण पोटापाण्याचा धंदा म्हणावा तर तो नव्या गाड्यांचा, आणि तिथं हातोडी लागत नाही. बंपर प्लास्टिकचा, दार विम्यात बदलून मिळतं. कंपनीच्या वर्कशॉपात वाकलेलं पॅनेल ठोकत बसण्यापेक्षा नवं लावणं स्वस्त पडतं. म्हणून पत्रा घडवणारी माणसं आता मुख्यतः हौशी लोकांच्या खिशावर जगतात. आणि हौशी लोकांना घाई असते. जुनी गाडी बाहेर काढायची आठवण घरोघरी लग्न ठरल्यावरच होते. नवरानवरीला त्यातून मिरवायचं असतं.

काकांच्या नातीचं लग्न मार्गशीर्षात आहे. दिवाळीच्या आधी ते पत्रिकेचा नमुना घेऊन गॅरेजवर आले, त्यावर कोपऱ्यात फियाटचं रेखाचित्र छापलेलं. मिस्त्री डाव्या सिलखाली झोपून टाके घासत होते. तिथूनच म्हणाले, "काका, पत्रिका छान आहे. लग्नाला दुसरी गाडी बघा. ही बारशाला नेऊ."